स्पिनिंग रीलवर लाइन पिळते, गुच्छा होतो: रील उघडण्याआधी काय तपासायचं

मासे धरायला कास्ट मारताना, म्हणजे रॉडने लाइन पाण्यात फेकताना, रीलवरून एका वेढ्याऐवजी चार-पाच वेढे एकदम सुटतात, रॉडवरच्या पहिल्या गाइडपाशी (लाइन ज्यातून जाते त्या कडीपाशी) 'फट्' वाजतं, लूर (नकली आमिष) हवेतच थबकतो आणि हातात येतो तो गुच्छा. कधी गुच्छा होत नाही, पण लूर वर काढून लाइन जराशी ढिली सोडली की ती रॉडच्या टोकाला दोन-तीन फेरे मारून बसते. कधी स्पूलच्या (रीलवर लाइन ज्यावर बसते त्या भागाच्या) खाली, मधल्या दांड्याभोवती, म्हणजे शाफ्टभोवती, लाइन गुंडाळलेली सापडते. कधी नुसतंच कास्ट आखूड पडायला लागतं; मागच्या महिन्यात जो लूर पलीकडच्या बेशरमीच्या झुडपापर्यंत जायचा तो आता अर्ध्यातच पडतो. आणि एक फसवं लक्षण: हँडल फिरतं, रोटर फिरतो, पण लाइन आत येत नाही.

यातलं काहीही झालं की लोक म्हणतात, रील खराब झाली. बहुतेक वेळा रीलला काही झालेलं नसतं. म्हणून खालचा क्रम पाळा. आधी फुकटातले तपास, मग स्वस्तातले, मग स्क्रू-ड्रायव्हरचे, आणि शेवटी जिथे आपण हात लावायचा नाही ते.

पीळ आहे की नुसती ढिलाई आहे, हे आधी ठरवा

हे दोन वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी आहेत. लूर काढा. टोकातून साधारण एक मीटर लाइन ओढा, दोन्ही हातांत धरा आणि हात हळूहळू जवळ आणा. मधली लाइन सुतळीसारखी स्वतःभोवतीच गुंडाळली गेली तर तो पीळ. ती स्प्रिंगसारखी गोल गोल लटकली, पण एकमेकींत गुंतली नाही, तर ती लाइनची जुनी सवय. बरेच दिवस स्पूलवर बसून तिने स्पूलचा आकार घेतलेला असतो. आणि ती सरळ, शांत 'यू'सारखी लटकली, तरीही गुच्छे होत असतील, तर लाइन स्पूलवर ढिली बसतेय किंवा जास्त भरलेली आहे. ब्रेड लाइनमध्ये (बारीक धागे विणून केलेल्या) पीळ डोळ्यांना कमी दिसतो, कारण ती मऊ असते. बोटांना मात्र कळतो.

पीळ मुळात येतो कुठून? पतंगाची चक्री आठवा. मांजा सुटतो तेव्हा चक्रीच फिरते, गुंडाळतानाही चक्रीच फिरते, म्हणून मांज्याला पीळ पडत नाही. स्पिनिंग रीलमध्ये उलट आहे. स्पूल जागेवर स्थिर आणि रोटर त्याच्याभोवती फिरत लाइन गुंडाळतो. गुंडाळताना प्रत्येक वेढ्यात एक पीळ घातला जातो आणि कास्ट मारताना तो निघून जातो, त्यामुळे हिशोब बरोबरीत राहतो. हा हिशोब जिथे बिघडतो तिथे पीळ साठत जातो. पुढचे काही तपास हा हिशोब कुठे बिघडला ते शोधण्याचेच आहेत.

१. बेल हाताने पाडता की हँडलने?

पैसे शून्य, वेळ शून्य. कास्ट पडला की हँडल फिरवून बेल, म्हणजे स्पूलवरची उघड-मीट होणारी तारेची कमान, 'खट्' करून बंद करण्याची सवय जवळजवळ सगळ्यांना असते. रीलवाल्यांनीच ती सोय दिलेली आहे. पण त्या वेळी लाइन ढिली असते, आणि पहिले दोन-तीन वेढे स्पूलवर सैल बसतात. त्यांच्यावर पुढची ताणलेली लाइन येते. पुढच्या कास्टला वरची लाइन जाताना खालचं सैल वेटोळं सोबत ओढून नेते. हाच गुच्छा.

लूर पाण्याला टेकायच्या क्षणी स्पूलच्या कडेला बोट लावून लाइन थांबवा. बेल हाताने पाडा. मग दुसऱ्या हाताने रील आणि पहिल्या गाइडमधली लाइन चिमटीत धरून एक हलकी ओढ द्या, म्हणजे लाइन बेलच्या टोकाच्या रोलरवर नीट बसते. त्यानंतरच हँडलला हात लावा. रामटेकजवळच्या खिंडसी तलावासारख्या उघड्या पाण्यावर आडवा वारा असेल तर ही ओढ सोडून चालतच नाही, कारण वारा लाइनचं मोठं पोट करतो आणि ती सगळी ढिलाई स्पूलवर जाते.

तरंगता फ्रॉग (बेडकाच्या आकाराचा लूर) वापरणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. फ्रॉगला रॉडच्या टोकाने झटका द्यायचा, मग लाइन ढिली सोडायची, असं ते तंत्र आहे. म्हणजे ढिलाई त्यातच आलेली. अशा वेळी दर पाच-सहा कास्टनंतर एकदा लाइन बोटांच्या चिमटीतून दाबून गुंडाळून घ्या. शाफ्टभोवती लाइन सापडते तीही याच ढिलाईमुळे: सैल वेटोळं स्पूलच्या मागच्या कडेवरून घसरून खाली जातं. स्पूल काढा, वेढे उलट्या दिशेने सोडवा. ओढून तोडू नका, तुकडा आत राहतो.

२. ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवता का?

पिळाचं सगळ्यात मोठं कारण हेच, म्हणून इथे जरा थांबू.

समजा रीलचा गिअर रेशो ५.२:१ आहे. म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटर ५.२ वेळा फिरतो. मासा लाइन ओढतोय, ड्रॅग (ठरावीक ओढीला लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) 'चर्रर्र' करतोय आणि तुम्ही जोशात हँडल फिरवताय. लाइन आत येत नाही, पण रोटर तर फिरतोच. प्रत्येक फेऱ्याला एक पीळ. हँडलचे वीस फेरे म्हणजे १०४ पीळ, आणि स्पूलवर एक इंच लाइन जमा झालेली नाही. एवढे पीळ घालायला अर्धं मिनिटही लागत नाही.

मासाच लागतो असंही नाही. शिंगाड्याच्या वेलात किंवा जलपर्णीच्या मुळांत गळ अडकला की लोक हेच करतात. हँडल फिरवून गळ सुटत नाही. रॉडचं टोक गळाच्या सरळ रेषेत धरा, ड्रॅग पूर्ण आवळा, हाताला जुना टॉवेल गुंडाळून लाइन धरा आणि मागे चालत जा. ब्रेड नुसत्या हाताला गुंडाळाल तर बोट कापेल. लाइन ताणली जात असताना तोंड बाजूला ठेवा, सुटलेला गळ बंदुकीच्या गोळीसारखा येतो.

मासा ओढताना: रॉड वर उचला, माशाला जवळ आणा, मग रॉड खाली नेताना लाइन गुंडाळा. ड्रॅग बोलायला लागला की हँडल थांबलं पाहिजे.

आता ड्रॅग मुळात किती आवळायचा? अंदाजाने नाही. सामान तोलायचा हुकवाला काटा घरोघरी असतो. लाइन गाइडमधून ओवून काट्याला बांधा, रॉड साधारण ४५ अंशात धरा, आणि दुसऱ्याला काटा ओढायला सांगा. लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश वजनाला ड्रॅग सुटायला हवा. ८ किलोच्या लाइनला २ ते २.६ किलो. पाकिटावर पौंड असतील तर ०.४५ ने गुणा. ओढ देताना काटा एकसारखा सरकला पाहिजे. आधी अडून मग झटक्यात सुटत असेल तर ड्रॅगच्या चकत्या चिकटल्या आहेत. नॉब काढून चकत्यांचा क्रम मोबाइलवर टिपा, कोरड्या फडक्याने पुसा आणि त्याच क्रमाने बसवा. फेल्टच्या चकत्या असतील तर घरी ठेवताना ड्रॅग ढिला करून ठेवत जा. आवळून ठेवलेला फेल्ट दबून कडक होतो.

एक फसवी गोष्ट इथेच सांगायला हवी. ड्रॅग पूर्ण आवळला तरी लाइन सुटतेच, असं झालं तर स्पूलवर बोट ठेवून पाहा. स्पूल स्थिर आहे आणि त्याच्यावरचा लाइनचा अख्खा गठ्ठाच फिरतोय? मग ड्रॅग निर्दोष आहे. ब्रेड थेट गुळगुळीत धातूच्या स्पूलवर बांधली की ती धरून राहत नाही. आधी नायलॉन मोनोचे (एकाच सलग तंतूच्या लाइनचे) आठ-दहा वेढे द्या आणि त्याला ब्रेड जोडा.

३. स्पूल किती भरलाय?

पट्टी लावून मोजा. लाइन स्पूलच्या कडेपासून १.५ ते ३ मिमी खाली असावी, मोनोला १.५–२, ब्रेडला २–३. पैसे दिलेत म्हणून शंभर मीटरचा अख्खा गठ्ठा कोंबायचा नसतो. कडेला टेकेपर्यंत भरलेला स्पूल स्वतःहून वेढे ढकलतो. उलट ५–६ मिमी रिकामा असेल तर लाइन कडेला घासत बाहेर पडते आणि कास्ट आखूड होतं. गुच्छे कापून कापून स्पूल रिकामा झालेला असतो आणि लोक नवा रॉड शोधत असतात!

स्पूलच्या कडेवर नखही फिरवा. घाटाच्या पायरीवर रील आपटली की तिथे बारीक दात पडतो. १५०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासलात की काम होतं.

४. लाइनच्या टोकाला काय फिरतंय?

स्पिनर, चमचा, वाकडा लावलेला मऊ प्लास्टिक लूर, हे सगळे पाण्यातून येताना फिरतात आणि लाइनला पीळ देतात. पण आपल्याकडे खरा गुन्हेगार बहुधा स्प्रिंग फीडर असतो. रोहू-कटल्यासाठी ढेप, भाजलेल्या चण्याचं पीठ आणि कणकेचा गोळा स्प्रिंगवर दाबून बसवायचा, भोवती चार-पाच गळ. गोळा विरघळला की रिकामी स्प्रिंग आणि लोंबणारे गळ पंख्यासारखे फिरत येतात, आणि ती ओढायचीही असते भराभर. अशा दहा-पंधरा खेपा झाल्या की नवी कोरी लाइन वाया.

उपाय स्वस्त आहे: बॉल-बेअरिंगचा स्विव्हल (लाइनमध्ये बांधायची फिरती कडी). साधा पितळी पिंपासारखा स्विव्हल वजन आलं की नीट फिरत नाही. फीडरच्या वर लगेच एक, आणि स्पिनरसाठी लूरपासून ३०–४५ सेंमीवर एक. फ्रॉगला स्विव्हल लावू नका. नाक खाली ओढलं जातं आणि फ्रॉग पाण्यावर बसत नाही. फ्रॉग तसा फिरतही नाही. फिरत असेल तर दोन पायांच्या झालरी असमान कापल्या गेल्यात का ते पाहा. मऊ लूर गळावर सरळ आहे ना, हे काठाजवळच्या पाण्यात एकदा ओढून बघा, डोळ्यांना दिसतं.

लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा वेगळ्या लाइनचा तुकडा) बांधत असाल तर त्याची गाठ स्पूलवर जाऊ देऊ नका. स्पूलवर बसलेली गाठ कास्टच्या वेळी शेजारचा वेढा पकडते. लीडर ४०–६० सेंमीच ठेवा, म्हणजे गाठ टोकाबाहेर राहते.

५. साठलेला पीळ काढायचा कसा

कारण सापडलं, आता आधीच पडलेला पीळ काढा. लाइनच्या टोकाचं सगळं सोडा: लूर, स्विव्हल, शिसं, काहीच नको. कन्हान नदीसारख्या वाहत्या पाण्यात काठावर उभं राहून नुसती लाइन ५०–६० मीटर प्रवाहात सोडा आणि पाच-सात मिनिटं तशीच राहू द्या; पाणी पीळ उलगडत नेतं. तलावावर प्रवाह नसतो. मग सकाळी रिकामं मैदान गाठा, बेल उघडी ठेवून लाइन गवतावरून ओढत चालत जा, तेवढीच लांब. परत येताना ओल्या फडक्याच्या चिमटीतून दाबून गुंडाळा. दोनदा केलं की बराचसा पीळ जातो. मैदानावरून वीजतारा जात असतील तर तिथे नको. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. जून-सप्टेंबरात ढग गडगडायला लागले की काठावर रॉड उभा धरूनही थांबायचं नाही, त्याचंही कारण हेच.

ताजा गुच्छा झाला असेल तर ओढू नका. बोटांनी चारी बाजूंनी सैल करत वेटोळी बाहेर काढा, बोथट सुईने. गाठ घट्ट बसेपर्यंतच तो गुच्छा असतो. ओढलात की ती गाठ होते आणि मग कात्री. गाठ बसलेली लाइन सरळ झाली तरी तिथे कमजोर राहते, त्यामुळे तेवढा तुकडा कापाच.

नवी लाइन भरताना एक चूक वारंवार होते. लाइनच्या गठ्ठ्यात पेन्सिल घालून तो फिरता ठेवतात. चक्रीसारख्या फिरणाऱ्या स्पूलच्या रीलला ते बरोबर आहे, स्पिनिंगला नाही. गठ्ठा फिरत सुटला की लाइन सरळ येते आणि रोटर तिला पीळ घालून बसवतो. गठ्ठा लेबल वर करून जमिनीवर आडवा ठेवा, लाइन त्याच्या तोंडावरून वेटोळी घेत सुटू द्या. पंधरा-वीस फेऱ्यांनी थांबा, लाइन ढिली करा. गुंतली तर गठ्ठा पालथा करा. दोन्हींपैकी एका बाजूने पीळ एकमेकांना मारतात. कोणती बाजू ते आधी सांगता येत नाही, करूनच बघायचं.

६. लाइनच चुकीची किंवा म्हातारी

२५०० आकाराच्या रीलवर ०.३० मिमीपेक्षा जाड मोनो भरली की ती स्प्रिंगसारखी उसळते. मरळीसाठी ताकद हवी म्हणून लोक ०.४० भरतात आणि मग रीलला दोष देतात. ताकद ब्रेडमध्ये घ्या: पीई (ब्रेडच्या जाडीचं माप) १.५ म्हणजे सुमारे ०.२० मिमी, पीई २ म्हणजे ०.२३ च्या जरा वर. वेलींच्या जंगलात पीई २ ते ३ आणि ३००० किंवा ४००० ची रील. त्याहून बारीक, ०.१० वगैरे ब्रेड हलक्या लूरला छान, पण वाऱ्यात तिची गाठ सोडवणं म्हणजे शिक्षा.

मोनो दर वर्षी बदला. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बंद गाडीच्या डिकीत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. ऊन आणि उष्णता नायलॉनला ठिसूळ करतात. पहिले दोन मीटर बोटांतून ओढा. खरखरीत किंवा पांढुरकी लागली तर ती लाइन गेली. नुसती सवय लागलेली असेल तर अख्खा स्पूल वीस मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, मग मैदानात ताणून घ्या.

काढलेली लाइन काठावर टाकू नका. बगळे-पाणकावळ्यांच्या पायात ती नायलॉन मांज्यासारखीच अडकते. बोटभर तुकडे करून घरच्या कचऱ्यात टाका.

७. रोलर फिरतो का?

आता पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर लागणार. बेलच्या टोकाला, जिथून लाइन वळून स्पूलवर येते, तिथे एक छोटा रोलर असतो. तो अडकला की लाइन त्याच्यावरून घासत, पिळत जाते. बोटाने फिरतो म्हणून ठीक आहे असं समजू नका. मार्करने त्यावर एक ठिपका द्या, लाइन खिडकीच्या गजाला बांधा आणि ताण ठेवून हळू गुंडाळा. ठिपका फिरताना दिसला पाहिजे. ताणाखाली तो जागेवरच थांबला तर दोष सापडला.

काळ्या मातीचा गाळ हे इथलं नेहमीचं कारण. वाळला की सिमेंट. आधी साध्या पाण्याने, हळू धारेखाली धुवा. ड्रॅग आवळलेला ठेवा म्हणजे पाणी चकत्यांत जात नाही. वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच! खोबरेल वापरू नका. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि डिसेंबरच्या सकाळी रोलर पुन्हा अडकतो. गंज काढायचा स्प्रेही नको. तो असलेलं ग्रीस धुऊन नेतो.

तरी सुटला नाही तर रोलरचा स्क्रू काढा. आत दोन-तीन बारीक चकत्या आणि एक बुश किंवा बेअरिंग असतं. पांढऱ्या टॉवेलवर, ताटात, ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने मांडा. रोलरच्या पृष्ठभागावर ब्रेडने खाच पाडली असेल तर तो बदलायचाच, घासून चालत नाही.

८. गाइड

कापूस गुंडाळलेली काडी किंवा जुन्या नायलॉन ओढणीचा तुकडा प्रत्येक गाइडच्या कडीतून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे सिरॅमिकला तडा आहे. टोकाचा गाइड आधी बघा, आपटतो तोच. रॉड दोन तुकड्यांचा असेल तर सगळे गाइड एका रेषेत आहेत का हे मागून डोळा लावून पाहा. जोड थोडा जरी वळला असेल तरी लाइन प्रत्येक गाइडला घासत जाते.

९. रॉड आणि रीलची जोडीच चुकली आहे का?

हा तपास खर्चिक आहे म्हणून इथे, नाहीतर पहिल्या नंबरचा होता.

ऑनलाइन रॉड शोधला की 'बास रॉड' समोर येतात. बास हा अमेरिकेतला मासा, आपल्या तलावांत नाही. पण त्याच्यासाठी बनलेला मध्यम-जड रॉड मरळीला उत्तम चालतो, कारण दोघंही झाडोऱ्यात दबा धरून बसतात आणि वरून जाणाऱ्या बेडकावर झडप घालतात. मरळ हवा घ्यायला वर येते, त्यामुळे तरंगत्या फ्रॉगला ती आणखीच सोपी. इथवर ठीक. अडचण अशी की बास रॉड दोन जातींचे असतात, कास्टिंग आणि स्पिनिंग. कास्टिंगच्या मुठीखाली बोट अडकवायला आकडा असतो, रील वर बसते आणि गाइड बारीक असतात. स्पिनिंगला आकडा नसतो, रील खाली लटकते आणि पहिला गाइड चांगला मोठा, साधारण २५–३० मिमीचा असतो.

आकड्याच्या रॉडवर स्पिनिंग रील बसते. बसते म्हणून लोक बसवतात. स्पिनिंग रीलवरून लाइन मोठमोठी वेटोळी घेत सुटते, आणि समोर दहा-बारा मिमीचं भोक आलं की ती तिथे आपटून गोळा होते. तीच ती 'फट्'. यावर तेल-पाणी, स्विव्हल, नवी लाइन, काहीही चालत नाही. रॉड बदला, किंवा त्या रॉडला शोभेल अशी बेटकास्टर रील घ्या. बेटकास्टरचा गुच्छा मात्र वेगळा असतो: तिथे स्पूल चक्रीसारखा फिरतो आणि लूर थांबला तरी फिरतच राहतो. त्याचा इलाज अंगठ्यात आणि ब्रेकमध्ये आहे. नवशिक्याने स्पिनिंगच घ्यावी, असं स्पष्ट मत.

घ्यायचाच असेल तर मरळीसाठी साडेसहा ते सात फुटी, मध्यम-जड, झटपट टोकाचा (मुख्यतः टोकाकडेच वाकणारा, 'फास्ट') स्पिनिंग रॉड. मुठीजवळ लूरचं वजन छापलेलं असतं, बहुधा औंसांत. १ औंस म्हणजे २८ ग्रॅम. पाव ते एक औंस, म्हणजे ७ ते २८ ग्रॅम, हा पल्ला फ्रॉगला पुरतो. त्याच रॉडवर ३ ग्रॅमचा लूर फेकाल तर रॉड वाकणारच नाही, लाइनला ओढ मिळणार नाही आणि वेढे सैल सुटतील.

नव्या रॉडची चाचणी मैदानात घ्या. आपल्याकडचे बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, गळ टाकायचा तर आधी विचारावं लागतं. पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोहला तर मासेमारीला बंदीच आहे. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पाण्यावर मरळीच्या पिलांचा लालसर थवा दिसला तर तिथे लूर टाकू नका. आई-बाप खालीच राखण करत असतात, आणि ते गळाला लागले की थवा इतर मासे खाऊन टाकतात.

१०. स्पूलखालची चकती

मुद्दाम एका बाजूला ठेवलेला तपास, कारण तो क्वचितच लागतो. भरलेला स्पूल बाजूने पाहा. लाइन दंडगोलासारखी सपाट बसली पाहिजे. पुढे, कडेकडे ढीग होत असेल तर कास्टला तिथूनच वेढे गळतात. स्पूल काढा, शाफ्टवर प्लास्टिकची पातळ चकती असते. पुढे ढीग असेल तर एक चकती वाढवा, मागे असेल तर कमी करा. बऱ्याच रीलच्या डब्यात एक-दोन जादा चकत्या पुडीत येतात आणि डब्याबरोबर फेकल्या जातात. चकती बदलल्यावर लाइन पुन्हा भरल्याशिवाय फरक दिसणार नाही.

इथे थांबा

हँडल उलटं फिरायला लागलं, किंवा गळ बसवताना झटक्यात मागे घसरलं: आतला एका दिशेने फिरणारा क्लच. त्याला ग्रीस लागलं की तो घसरतो, आणि घरी रील उघडणारे नेमकं तिथेच ग्रीस भरतात. हँडल फिरवताना दाणे भरडल्यासारखं जाणवलं: गिअर किंवा बेअरिंग. शाफ्ट वाकला, म्हणजे स्पूल वर-खाली जाताना डोलतो. बेल तिरकी झाली किंवा तिची स्प्रिंग तुटली. रील अख्खी पाण्यात पडून गाळ आत गेला. या पाचही वेळी बाजूचं झाकण उघडू नका. आत बारीक स्प्रिंगा असतात, त्या उडाल्या की सापडत नाहीत. हमी चालू असेल तर झाकण उघडल्यावर तीही जाऊ शकते. रील सर्व्हिस करणाऱ्याकडे किंवा कंपनीच्या सेवाकेंद्रात द्या. विचारून घ्या की सुटे भाग मिळतात का. स्वस्त रीलचे मिळत नाहीत आणि मग दुरुस्तीपेक्षा नवी घेणं परवडतं.

तडा गेलेल्या गाइडचंही तसंच. टोकाचा गाइड गरम करून काढता येतो आणि बसवता येतो, मधले मात्र दोऱ्याने गुंडाळून त्यावर इपॉक्सी चढवलेले असतात. सुपरग्लूने चिकटवलेला गाइड पहिल्या मोठ्या माशाला निघतो. ते काम रॉड बांधणाऱ्याचं.

दुरुस्तीला देताना स्पूल रिकामा करून नेऊ नका. लाइन कशी बसली आहे, ढीग पुढे आहे की मागे, सैल वेढे कुठे दबलेत, यावरून कारागिराला निम्मं निदान तिथेच होतं. गुच्छा झालेला असेल तर तोही तसाच न्या.